दुसऱ्याच्या तोंडचं प्रेम

प्रेमगीतांचा नवा अल्बम आला की त्याच्यासोबत एक हकीकतही येते. गीतकार प्रेमात पडला, त्या दिवसांत ही गाणी सुचली, अमुक गाणं अमुक भेटीनंतरचं. मुलाखत घेणारा तेच विचारतो, ऐकणारेही गाण्याआड ती व्यक्ती शोधत बसतात. गाणं खऱ्या प्रेमातून आलंय, म्हणून ते खरं, असा हिशेब यामागे असतो. मला तो पटत नाही. गीतकार कुणाच्या प्रेमात होता, यावर प्रेमगीताचा खरेपणा ठरत नाही. ज्याचा त्या प्रेमाशी काही संबंध नाही, अशा माणसाच्या तोंडी ते गाणं त्याचं स्वतःचं होऊन बसतं का, यावर तो ठरतो. बिडकीनसारख्या गावात कुणी प्रेमगीतं लिहायला बसलं, तर त्याला हे म्हणायला मोठा आधार आहे, आणि तो पैठणच्या रस्त्यावरच आहे.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना साधारण निम्म्या वाटेवर बिडकीन लागतं. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. त्यांच्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह, आणि त्यातला मोठा भाग प्रेमाचा आहे. कोटी गाथांतून या सातशे निवडल्या, असं संग्रहातच म्हटलंय. आकड्यातली अतिशयोक्ती सोडून दिली तरी निवडणाऱ्याचा रोख कळतो: हे एकट्याचं मनोगत नाही, अनेकांच्या तोंडचं वेचून घेतलेलं आहे. बोलणारी बहुतेकदा बाई असते, कधी तिची सखी, कधी कुणी जाणती म्हातारी. गोदावरीचा काठ, वाटसरू, पाटलाघरची सून, परगावी गेलेला नवरा हे सगळे तिथे आहेत. पीक उभं असतं तोवर शेत ही भेटीची जागा. कापणी झाली की आडोसा जातो आणि सुगीच्या दिवसांत एखादी रडवेली होते. प्रेमाचं सुखदुःख इथे शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेलं आहे. हाल स्वतः कुणाच्या प्रेमात होता, हे कुणालाच ठाऊक नाही आणि त्यामुळे एकाही गाथेचं काही अडत नाही. 1956 साली स. आ. जोगळेकरांनी हा ग्रंथ मराठीत आणला. वाचताना ओळख पटते ती माणसांची. राजा मध्ये येतच नाही.

पुढे ध्वनिमुद्रिका आली आणि प्रेमगीत आणखी हातांतून जाऊ लागलं. 1930च्या दशकात मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची कविता ग. ना. जोशींनी चाल लावून गायली, आणि वऱ्हाडातली रानातली शीळ दूरदूरच्या घरांत पोहोचली. 1962 सालचं ‘शुक्रतारा’ घ्या. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचे. यातलं प्रेम चौघांपैकी कुणाचं? प्रश्नच गैरलागू ठरतो, आणि तरी ते गाणं खोटं आहे असं कुणी म्हणणार नाही. याहून मोठा पुरावा बिडकीनच्याच जिल्ह्यातला आहे. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर जन्मभर शेतीत रमले. त्यांनी ‘जैत रे जैत’ या चित्रपटासाठी गाणी लिहिली ती सह्याद्रीच्या कुशीतल्या ठाकरांची, नाग्या आणि चिंधीची. कथा गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतली, डोंगर परका, समाज परका. प्रेमसुद्धा कवीचं नव्हे, पात्रांचं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत ती गाणी 1977पासून मराठी माणसाच्या ओठांवर आहेत. महानोरांनी त्यात स्वतःचं काय घातलं असेल, तर माझ्या मते पाऊस आणि रान ओळखणारी नजर. अनुभव त्यांचाच होता, पण तो मातीचा. प्रेम त्यांनी दुसऱ्याला बोलू दिलं.

यावर पहिला आक्षेप इंदिरा संतांचं नाव घेऊन येईल, आणि तो हलका नाही. ना. मा. संत आणि इंदिराबाईंचा ‘सहवास’ हा एकत्र कवितासंग्रह 1940चा; प्रेमातून जन्मलेला संग्रह म्हणून मराठीत याहून सरळ उदाहरण मला सुचत नाही. 1946 साली पती गेले, आणि पुढच्या ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’मधली विरहाची कविता वाचक त्या आयुष्याशी जोडूनच वाचत आले. आयुष्य बाजूला ठेवलं तर ही कविता उणी होणार नाही का? मला वाटतं, नाही. तिच्यात घर, अंगण, पाऊस, सांजवेळ इतक्या नेमकेपणाने आहेत, आणि ज्याच्यासाठी हे सारं आहे त्याचा नावगाव-तपशील इतका कमी, की रिकामी राहिलेली जागा वाचणारी स्वतः भरते. दुःख इंदिराबाईंचं होतं यात शंका नाही. पण ते इतरांना राहता येईल असं बांधायला निराळं कसब लागतं, आणि ते नुसत्या दुःखातून येत नाही. तसं येत असतं तर प्रेमात पडलेला प्रत्येक जण कवी झाला असता.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. बाईच्या तोंडी प्रेम घालणारे बहुतेक पुरुषच. गाथांपासून लावणीपर्यंत आणि पुढे भावगीतापर्यंत स्त्रीची ओढ पुरुषाने लिहिली, अनेकदा स्वतःला हवी तशी. हे खरं आहे, आणि दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची परंपरा यातून सुटत नाही. लावणीतल्या कित्येक नायिका ऐकणाऱ्या पुरुषांसाठीच उभ्या केलेल्या दिसतात. पण यावर उपाय म्हणून प्रत्येकाने फक्त स्वतःचीच गोष्ट सांगावी, हे मला मान्य नाही. ज्यांना आजवर बोलू दिलं नाही त्या बायांनी लिहावं, आणि त्यांनीही हवं तर पुरुषाच्या, म्हातारीच्या, सवतीच्या तोंडून बोलावं. सोंग घ्यायची मोकळीक दोन्हीकडे हवी.

गाणं आयुष्यभर सोबत राहतं तेही याच मोकळिकीमुळे. 1998च्या सुमाराला सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ कॅसेटवर ऐकणारी तरुण पिढी आता पन्नाशीकडे आली. तेव्हा त्यातला पाऊस येणाऱ्या कुणाचा तरी होता. आज तोच पाऊस गेलेल्या कुणाचा, किंवा शेजारीच बसलेल्या आणि बदलून गेलेल्या जोडीदाराचा असू शकतो. गाणं कवीच्या एका प्रकरणाला खिळलेलं असतं, तर वयाबरोबर असं सरकलं नसतं. म्हणून अल्बमसोबत येणारी ती हकीकत मला नुकसानीची वाटते. ऐकणाऱ्याची जागा ती आधीच अडवून ठेवते.

आज बिडकीनमध्ये कुणी प्रेमात पडून गाणी लिहायला बसलं, तर त्याच्यासमोर हालाची शेतं नाहीत. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातल्या ऑरिक प्रकल्पासाठी इथली जमीन संपादित झाली. आडोसा देणाऱ्या पिकांच्या जागी आखलेले भूखंड आणि रुंद रस्ते आले. प्रेमाचं वेळापत्रक आता सुगीवर नाही, पाळीवर चालतं: एकाची रात्रपाळी सुटते तेव्हा दुसरीची बस निघालेली असते. मोबदल्याचे पैसे आलेलं घर आणि न आलेलं घर यांच्यात सोयरीक जुळते की मोडते, हेही प्रेमाचंच दुःख आहे. मराठी प्रेमगीतात हे अजून फारसं आलेलं नाही. तिथे अजून रान आणि पाऊसच पुरवून पुरवून वापरला जातो. इथल्या गीतकाराने स्वतःच्या प्रेमाबद्दल एक शब्दही सांगू नये, पण त्या हुकलेल्या बसचा थांबा, ती पाळी, तो मोबदला कुणाच्या तरी तोंडी घालावा. दोन हजार वर्षांपूर्वी याच पट्ट्यात कापणीच्या दिवसांचं जे केलं गेलं, ते पाळीच्या घड्याळाचंही करता येईल.