लघुयंत्राचा जीर्णोद्धार

उज्जयिनी ही काळाची नगरी. भारतीय सिद्धान्तकारांनी रेखांशाची मोजणी येथून केली. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली, आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिची डागडुजी झाली. अशा नगरीत आजची तारीखच ठाऊक नसलेले एक यंत्र आमच्या पाहण्यात यावे, हा योग गमतीचा खरा. वकिलीच्या निमित्ताने आमचे वास्तव्य येथे आहे, आणि मराठी कुटुंबांनी चालविलेल्या एका लहानशा वाचनालयाच्या मंडळावर आम्ही आहोत. तेथील ही हकीकत.

हे यंत्र म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा, एकाच सर्किट बोर्डावर सामावलेला संगणक. आकार पत्त्यांच्या जोडाएवढा. शाळकरी मुलांना स्वस्तात संगणकविद्या शिकता यावी म्हणून इंग्लंडातील केंब्रिजच्या एका संस्थेने तो २०१२ मध्ये बाजारात आणला. आमच्याकडील नमुना त्या पहिल्या पिढीतला : स्मृती अवघी ५१२ मेगाबाइट, प्रोसेसर एकच आणि तोही मंद. एका सभासदाने देणगी दिलेल्या या यंत्रात ग्रंथांची सूची, सभासदांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक साठविलेले आहेत. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, कित्येक वर्षांत कोणी बदलली नव्हती.

विषय मंडळापुढे आला तेव्हा दोन पक्ष पडले. वडीलधारे म्हणाले, "चालते आहे ना? मग हात कशाला लावायचा?" तरुण म्हणाले, "मोडीत काढा आणि नवा घ्या." आम्हांस दोन्ही मते पटेनात. अशा प्रणालींत काळाच्या ओघात उणिवा सापडतात, त्यांवरील दुरुस्त्या प्रसिद्ध होतात. आणि दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे उणीवही जगजाहीर होते. ती न बुजविता यंत्र इंटरनेटला जोडणे म्हणजे घराची कडी उघडी टाकून यात्रेस जाणे होय. सभासदांचे पत्ते ही आमच्याकडील ठेव आहे. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाचे १५ वे कलम सांगते की, सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जशी काळजी घेईल तशीच विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेची घ्यावी. तो कायदा खाजगी न्यासांपुरता असला, तरी त्यातील तत्त्व देवालयाच्या आणि वाचनालयाच्या कारभाऱ्यांनाही शोभणारे आहे.

आणि जुने टाकून देण्याचे म्हणाल, तर या नगरीतील महाकालेश्वराच्या मंदिराकडे पाहावे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला. स्थान तेच, देव तोच. बांधणी मात्र नवी. जीर्णोद्धाराच्या वेळी देवतेचे तत्त्व कलशात आवाहन करून ठेवण्याची चाल वाचकांस परिचित आहे. आमच्या कामाचा आरंभही तसाच झाला. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने यंत्रातील जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कार्डावर उतरवून ती कपाटात ठेवली, आणि मगच पुढचे पाऊल टाकले.

पहिलीच पायरी अडली. या यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वेळ इंटरनेटवरून मागून घ्यावी लागते, आणि ती सोय कोणी तरी बंद करून ठेवलेली. यंत्र बंद पडलेल्या दिवसापाशीच थांबले होते. दुरुस्त्यांच्या यादीवर तारीख आणि सही असते. ती तारीख आपल्या पुढची दिसताच यंत्राने यादी नाकारली. मुलगा हसून म्हणाला, "काका, याला वाटते, ही यादी अजून तयारच व्हायची आहे!" आम्हांस त्या यंत्राचा रागही आला नाही. पुढच्या तारखेचा हुकूम कोणताही सावध कारकून स्वीकारणार नाही.

वेळ लावून दिल्यावर कळले की, जुन्या आवृत्तीचे आयुष्यच संपले आहे. ही प्रणाली डेबियनवर आधारलेली. तिची नवी आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते. मोठ्या आवृत्तीबदलासाठी जुन्यावर नवे न चढविता कोऱ्या कार्डावर नवी प्रणाली उतरवावी, असा कर्त्यांचाच सल्ला आहे. मुलाने 'लाइट' नावाची आवृत्ती निवडली. तीत चित्रमय पडदा नाही, खिडक्या नाहीत. त्यामुळे तुटपुंजी स्मृती कामापुरती मोकळी राहते. उरलेल्या दुरुस्त्या रात्रभर मुंगीच्या पावलांनी उतरत राहिल्या. मध्येच वीज गेली तर कार्ड बिघडते, म्हणून यूपीएस जोडला होता. दुसऱ्या दिवशी सूची नव्या कार्डावर आली आणि वाचनालय सुरू झाले.

अल्प साधनांसाठी शास्त्र हलके करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० चा आरंभ धरून 'ग्रहलाघव' रचला. त्यांनी ज्याचापाचे किचकट गणित वगळले आणि अकरा वर्षांची चक्रे योजून मोठमोठ्या संख्या आटोक्यात आणल्या. पाटीवर गणित करणाऱ्या खेड्यातील जोशालाही पंचांग साधू लागले. मात्र सोपे करताना त्यांनी खरे सोडले नाही : ज्या ग्रहाचे जे गणित आकाशाशी जुळते, ते त्या त्या सिद्धान्तातून घेतले. पुढे अंतर पडू लागले की बीजसंस्कार देण्याची वाट ज्योतिषांना ठाऊक होतीच. आमच्या मते नूतनीकरणाचे मर्म हेच : अनावश्यक ते उतरवावे, आवश्यक ते प्रत्यक्षाशी ताडून पाहावे.

एक दिवस या यंत्रासाठी नव्या आवृत्त्या निघणे थांबेल. तेव्हा त्यातील ठेव दुसरीकडे नेऊन त्याला कृतज्ञतेने निरोप द्यावा लागेल. तोवर त्याची निगा हे मंडळाचे कर्तव्य. खंडेनवमीला आपण यंत्रांना हळदकुंकू वाहतो. मंडळाने आता ठराव केला आहे की, त्याच्या आदल्या आठवड्यात नक्कल काढून दुरुस्त्या उतरवाव्यात, तारीख वहीत लिहावी आणि खाली जबाबदार व्यक्तीने सही करावी. फुले त्यानंतर.