मेंढवाड्याचा मुकादम

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं फ्रान्सिस्को कोलोआने या चिली देशांतील ग्रंथकाराच्या गोष्टी इंग्रजी भाषांतरांतून वाचल्या. कथाकार होण्यापूर्वीं हा गृहस्थ मेंढवाड्यावर मुकादम होता, हें कळल्यावर आमचें कुतूहल अधिकच वाढलें.

त्याचा जन्म १९१० सालीं चिलोए बेटावर झाला. वडील देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचे कप्तान. ते मुलाच्या लहानपणींच वारले. पुढें अगदीं दक्षिणेस, मॅगेलनच्या सामुद्रधुनीपलीकडे, त्यानें मेंढपाळाचें व मग मुकादमाचें काम केलें. मेंढवाडा म्हणजे आपल्याकडील धनगराचा वाडा असें वाचकांनीं समजूं नये. १८७७ सालीं फॉकलंड बेटांतून ३०० मेंढरें त्या मुलखांत आणलीं. पन्नास वर्षांत त्यांचे लक्षावधींचे कळप झाले व क्षितिजापर्यंत तारेचीं कुंपणें पडलीं. लोकर कातरण्याच्या हंगामांत मजूर येत, ते बहुतेक चिलोएचेच. कोंकरें खच्ची करण्याची तेथील रीत दांतांनीं. तिचें वर्णन या पानांवर नको.

मुकादम म्हणजे धन्याचा डोळा. पण या डोळ्यानें भलतेंच पाहून ठेवलें. १९२१ सालीं पलीकडच्या अर्जेंटिनांत, सांताक्रूझ भागांत, मेंढवाड्यांवरील मजुरांनीं संप केला, तेव्हां सैन्यानें शेंकडों माणसांस गोळ्या घातल्या. कोलोआने त्या वेळीं पोरगाच होता. पुढें त्यानें ओतेय नांवाच्या एका चिलोएकर मजुराच्या मरणाची गोष्ट लिहिली. ती आम्हीं दोनदां वाचली. तींत आक्रोश नाहीं. घोडे, वारा आणि वेळ किती उरला याचा हिशेब आहे.

त्यानें आरमारांत कारकुनीही केली होती, हें वाचून मात्र आम्ही ओशाळलों. १९४१ सालीं त्याचीं पहिलीं पुस्तकें निघालीं, १९६४ सालीं राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, २००२ सालीं तो वारला. कारकुनी आम्हींही केली. ‘लिहावयाचें खरें, पण अनुभव कोठें आहे?’ असें म्हणत तीस वर्षें काढलीं.

अनुभव नव्हता, हें खोटें आहे. १९७६ सालीं एका धरणाखालीं जाणाऱ्या गांवाची यादी करावयास आम्हांस धाडलें होतें. घरें, विहिरी, फळझाडें, प्रत्येकास रकाना. पारावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, “भाऊसाहेब, ह्या पिंपळाचं काय लिवलंसा?” पिंपळास रकाना नव्हता. आम्हीं तसें सांगितलें आणि पुढच्या घरीं गेलों. अक्षर सुवाच्य असल्याबद्दल साहेबांनीं शाबासकी दिली, ती आम्हीं घरीं येऊन सांगितलीही.

परवां आम्हीं कोरे कागद घेऊन बसलों. गांवाचें नांव लिहिलें, पार लिहिला, पिंपळही लिहिला. म्हाताऱ्याचें नांव मात्र कांहीं केल्या आठवेना. त्या यादींत तें आमच्याच अक्षरांत आहे.