गीरचा सिंह आणि विहिरीचा कठडा

वाचकहो, गीर म्हटले की आपल्या शेतकऱ्यांच्या घरात आधी आठवते ती गाय. तांबूस अंगाची, फुगीर कपाळाची, लांब लोंबत्या कानांची. तिच्याच मुलखात सिंहही राहतो, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण गाय नि सिंह एका मुलखात नांदतात कसे, हा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. मला तो तिथे गेल्यावर आला, नि त्यातून आपल्या कामाची एक गोष्ट हाती लागली. तीच आज सांगते.

आम्ही संगमनेर तालुक्यातले. ऊस, कांदा नि चार दुभती जनावरे. सासूबाईंना सोमनाथाचे दर्शन घ्यायचे होते. पौषात उन्हाळ कांद्याची लागण उरकली, धाकट्या दिरांनी ओळखीतली क्रूझर ठरवली नि आम्ही नऊ जण निघालो. सोबत दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. सापुताऱ्याचा घाट उतरून सुरत, भरूच, बडोदे केले. पुढे तारापूर, भावनगर करीत महुवा, उना, कोडिनार. शेतकरी प्रवासाला निघाला तरी त्याचे डोळे रस्त्याकडेच्या रानावरच असतात. महुव्याला पांढऱ्या कांद्याच्या गाड्या दिसल्या, तशी ह्यांनी आमची गाडी थांबवायला लावलीच. तिथे कांदा वाळवून त्याच्या चकत्या नि भुकटी करण्याचे कारखाने आहेत. भाव विचारूनच आम्ही पुढे निघालो.

सोमनाथाचे दर्शन झाले. तिथून तालाल्यावरून सासण गीर जवळच. मुलांनी हट्ट धरला, म्हणून सिंह पाहायचे ठरले. गीरचे मुख्य जंगल पावसाळ्यात, १६ जून ते १५ ऑक्टोबर, पाहुण्यांना बंद असते. पण सासणपासून थोड्या अंतरावर देवळिया नावाचे कुंपण घातलेले रान आहे. तिथे बसमध्ये बसवून सिंह दाखवतात. हे रान ४१२ हेक्टरांचे, म्हणजे आपल्या हिशेबाने हजार एकरांहून थोडे जास्तच. आपली गाडी आत नेता येत नाही. ती बाहेर उभी करायची नि वनखात्याच्या बसमध्ये बसायचे. खिडक्यांना जाळी. हात बाहेर काढायचा नाही, उभे राहायचे नाही, ओरडायचे नाही.

आधी चितळांचा कळप दिसला, मग नीलगाय. नंतर चालकाने बस हळू केली. बाभळीच्या सावलीत दोन सिंहिणी पडल्या होत्या नि पलीकडे एक नर बसला होता. आमच्यापासून पंधरा पावले असेल. चित्रात दाखवतात तेवढी दाट आयाळ त्याला नव्हती. गीरच्या सिंहाची आयाळ आखूडच असते, त्याचे कान उघडे दिसतात नि पोटाखाली कातडीची घडी लोंबते. मुले श्वास रोखून बघत होती. सासूबाई मात्र म्हणाल्या, “अगं, दुपारी आपला खोंड बसतो तसाच बसलाय की हा!” सगळी बस हसली. सिंहाने मान वळवून एकदा आमच्याकडे पाहिले नि पुन्हा डोळे मिटले.

पाहून समाधान झाले. पण वाचकहो, हा सिंह कुंपणातला. कुंपणाबाहेरच्या सिंहाची गोष्ट आम्हांला कळली ती परतीच्या वाटेवर, तालाल्याजवळच्या एका गुऱ्हाळावर. तिथे गूळ घ्यायला उतरलो. मालक वयस्कर शेतकरी, केशर आंब्याची बाग नि ऊस असलेला. त्याने रस पाजला नि हिंदी-गुजरातीत बोलत बसला. २०२५ च्या मोजणीत सिंह ८९१ भरले. २०२० साली ते ६७४ होते. त्यांतले निम्म्याहून अधिक आता गीरच्या अभयारण्याबाहेर, शेतांच्या नि गावांच्या आसपास फिरतात. मी विचारले, “मग तुम्ही रात्री पाणी कसे धरता?”

तो म्हणाला, “बेन, सिंह शिवारात असला की रोझ नि डुक्कर पिकाकडे फिरकत नाहीत. आम्ही त्याला राखणदारच समजतो. पण गोठ्यातले वासरू नेले की त्या दिवशी घरात कुणाला घास जात नाही, हेही खरे.” रोझ म्हणजे नीलगाय. मग त्याने हात करून आपली विहीर दाखवली. तिला भोवतीने सिमेंटचा पक्का कठडा होता. पूर्वी तिकडच्या विहिरी जमिनीलगत उघड्या असत. रात्री सावजामागे धावणारे सिंह त्यांत पडून बुडत. म्हणून सरकारने मदत दिली, संस्थाही पुढे आल्या नि हजारो विहिरींना कठडे बांधले गेले. “कठडा सिंहासाठी झाला,” तो म्हणाला, “पण वाचतात आमची ढोरे नि पोरेही.”

हे ऐकून आम्ही दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्याकडे सिंह नाही, पण उसात बिबट्या आहे. संगमनेर, अकोले, जुन्नर, सिन्नर, कुठेही विचारा. मागल्या वर्षी शेजारच्या विहिरीत रात्री बिबट्या पडला. सकाळी वनखात्याच्या माणसांनी बाजेला चार दोर बांधून ती आत सोडली. तो थरथरत तिच्यावर चढून बसला, मग पिंजरा उतरवून त्याला वर काढले. सारे गाव काठावर लोटले होते. त्या गर्दीत एखादे पोर पाय घसरून आत गेले असते, तर ते कुणाच्या ध्यानातही आले नसते. कारण त्या काठालाही कठडा नव्हता. आमची विहीर पन्नास फूट खोल, उसाला लागून, नि मुलांची शाळेची वाट तिच्याच बाजूने जाते.

बिबट्याला राखणदार म्हणा, असे मी सांगणार नाही. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याला हा शब्द कसा सोसेल? पोरांना सांजवेळी एकटे रानात पाठवू नये, गोठा चारी बाजूंनी नि वरूनही बंद असावा, जनावर मारले गेले तर ते न हलवता वनखात्याला कळवावे. खात्याचा दूरध्वनी १९२६ घरात भिंतीवर लिहून ठेवावा. हे सारे करायचेच. पण कठडा बिबट्यापुरता नाही. अंधारात पाणी धरायला जाणारा धनी, दावे तोडून धावलेली गाय, चेंडूमागे पळणारे पोर, सगळ्यांना तो अडवतो.

घरी आल्यावर खर्चाचा विषय निघाला. ह्यांचे म्हणणे, यंदा ठिबकच्या नळ्या बदलायच्या आहेत, कठडा पुढल्या साली बघू. सासूबाईंनी एवढेच विचारले, “नळी फाटली तर दुसरी मिळंल. पोर कुठून आणायचं?” त्यावर घरात कुणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन माप घेऊन गेला. कमरेच्या वर येईल एवढी उंची नि पाणी काढायच्या बाजूला लोखंडी फाटक.

तुमच्या शिवारातही अशी एखादी उघडी विहीर असेलच. पावसाळ्यात तिचा काठ ढासळतो नि गवतात ती दिसेनाशी होते. तेव्हा मृग लागण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारा. पक्का कठडा जमला तर उत्तमच. नाही जमला, तर निदान काटेरी तारेचे कुंपण तरी यंदाच घाला.