जीप कां लटपटली?

आमच्या श्रीवर्धनच्या घरीं एक जुनी जीप आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, अमेरिकेंत जन्मास आलेल्या विलिस जीपच्या वंशांतली. म्हणजे पुढचीं दोन्ही चाकें एकाच सलग आंसावर बसविलेलीं आणि तो आंस लोखंडी पाट्यांवर तोललेला. वाडींतली सुपारी, नारळ, दवाखान्यास निघालेली आई आणि माणगांवच्या स्टेशनावर पोंचवावयाचे पाहुणे, या सर्वांचा भार तिनें वर्षानुवर्षें निमूटपणें वाहिला. त्या जीपवर आम्हीं एक प्रयोग केला आणि त्याचें खापर भलत्याच माणसाच्या डोक्यावर फोडलें. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. त्या दिवशीं सुपारीच्या बागांची काय दशा झाली तें आमच्या बाजूच्या वाचकांस सांगावयास नको. वाडीची वाट ओंडक्यांनीं व गाळानें भरली आणि जीपचें पोट जागोजाग घासूं लागलें. पुतण्यानें सुचविलें कीं, गाडी उंच करून घ्यावी. आम्हीं लागलीच होकार दिला. पाट्याचें एक टोंक गाडीच्या सांगाड्याशीं जोडणारा जो हलता दुवा असतो त्याला मिस्त्री लोक शॅकल म्हणतात. जवळच्या एका गॅरेजमध्यें जुने शॅकल काढून लांब घातले, टायर मोठे चढविले आणि जीप चांगली उंच होऊन दारीं आली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. दादांनीं मात्र चढतांना गुडघ्यावर हात ठेवून, "ही गाडी आहे कीं हत्ती?" एवढेंच विचारलें.

पुढें कांहीं महिन्यांनीं बारीकसारीक फरक जाणवूं लागले. वळण संपल्यावर स्टेअरिंग पूर्वीं आपणहून सरळ येई, तें आतां येईना. सरळ रस्त्यावरहि गाडी इकडेतिकडे झुके. आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. अखेर एके दिवशीं पाहुण्यांना घेऊन माणगांवास निघालों असतां प्रसंग ओढवला. गाडी आमची पुतणसून चालवीत होती. आम्ही शेजारीं बसलों होतों. म्हसळ्यावरून मोर्ब्याकडे जातांना ताशीं ५५ किलोमीटरच्या सुमारास एका मोरीचा सांधा लागला, आणि एकाएकीं स्टेअरिंग तिच्या हातांत असें थडथडूं लागलें कीं, काच, दारें आणि आमचे दांत सारेंच वाजूं लागलें. तिनें जोरानें ब्रेक दाबला नाहीं. चाक घट्ट धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, वेग आपोआप उतरूं दिला आणि गाडी कडेला घेतली. वेग ३० च्या खालीं येतांच थडथड थांबली. जणूं कांहीं घडलेंच नव्हतें.

आमचें पहिलें वाक्य होतें, "अग, खड्डा दिसला नाहीं का तुला?"

"काका, खड्डा नव्हता, मोरीचा सांधा होता," ती म्हणाली. आम्हीं तें ऐकलें न ऐकलेंसें केलें.

त्या रात्रीं माजघरांत पंचायत बसली. कोणी टायरांस दोष दिला, कोणी रस्त्यास. पण शेवटीं बहुमतानें ठरलें कीं, सुनेनें यापुढें जीप चालवूं नये. हा ठराव मांडणारे आम्हीच. आईला औषधपाण्यासाठीं अवेळीं नेणारी तीच होती, हें त्या वेळीं कोणास आठवलें नाहीं. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भाऊजी, एकदां स्वतः चालवून तरी पाहा!"

आम्हीं पाहिलें. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, आमच्या हातांतहि तीच थडथड सुटली. फरक इतकाच कीं, आम्हीं घाबरून ब्रेक करकचून दाबला आणि गाडीचें अर्धें अंग रस्त्याखालीं गेलें. इजा कोणास झाली नाहीं, पण निवाड्याचा फोलपणा कळावयास तेवढें पुरें झालें.

गॅरेजवाल्यानें उपाय म्हणून स्टेअरिंगला डॅम्पर बसवून दिला. हा धक्का शोषणारा दांडा असतो. पंधरवडाभर शांतता लाभली; मग थडथड पूर्वींपेक्षां जोरानें परतली. ताप दाबला होता, रोग तसाच होता.

तेव्हां महाडकडच्या एका वृद्ध मिस्त्रींस गांठलें. त्यांनीं नवा भाग एकहि सुचविला नाहीं. आधीं तपास केला. टायरांतली हवा मोजली. पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें घालून गाडी फिरविली. थडथड गेली नाहीं, म्हणजे दोष केवळ टायरांचा नव्हे. मग पुढचें चाक उचलून, आंसाखालीं भक्कम आधार देऊन, चाक वरखालीं धरून हलविलें. किंगपिन, म्हणजे ज्या खुंटीभोंवतीं चाक वळतें ती, तिच्या बेअरिंगमध्यें ढील सांपडली. नंतर चाकें जमिनीवर टेकवून पुतण्याला स्टेअरिंग थोडें डावें-उजवें करावयास सांगितलें आणि स्वतः खालीं पडून पाहिलें. टाय रॉडचा एक सांधा, चाक हलण्यापूर्वींच, जागच्या जागीं खुळखुळत होता. खाऱ्या हवेनें त्यावरचें रबर फाटून आंत गंज शिरला होता.

"मग एवढेंच ना?" आम्हीं विचारलें.

"एवढ्यानें थडथड वाढते, सुरू कां झाली तें अजून पाहायचंय," असें म्हणून त्यांनीं कोन मोजण्याचें साधन काढलें.

त्यांनीं समजाविलें तें असें. सायकलचा पुढचा दांडा जसा वरून मागें कललेला असतो, तसा जीपचा किंगपिनहि थोडा मागें कललेला असतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. जुन्या विलिस जीपला तो ३ अंश ठेवलेला असे. या कलामुळें चाक ओढलें जातांना आपणहून सरळ येतें. आमच्या जीपच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढल्या टोंकास आहे. तो लांब केल्यानें पाट्याचें पुढचें टोंक खालीं गेलें, त्याबरोबर आंस पुढें झुकला आणि कॅस्टर एका अंशाहूनहि कमी उरला. सरळ राहण्याची ओढ गेली, सांध्यांत ढील होती, वर जड टायर. झोपाळ्याला योग्य वेळीं दिलेला लहानसा धक्का त्याला उंच नेतो. तसाच मोरीच्या सांध्याचा एक धक्का ठराविक वेगाला लागला कीं चाकें एका तालांत लटपटूं लागत.

उपाय दोन होते. आंस व पाटा यांच्यामध्यें पोलादी पाचर घालून कल परत आणावयाचा, किंवा लांब शॅकल काढावयाचे. पाचरीची जाड बाजू उलट बसली तर रोग दुणावतो, आणि आंस फार फिरविला तर पुढल्या दांड्याच्या जोडावर ताण येतो, हेंहि मिस्त्रींनीं सांगितलें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें कीं, ज्यानें नोंदणीच्या दाखल्यांतला तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाशीं जुळेनासा होईल असा फेरबदल मालकानें गाडींत करूं नये. दादा म्हणाले, "वाडीची वाट कधींच साफ झाली, आतां उंची हवी कोणाला?" जुने शॅकल व मूळ मापाचे टायर परत चढले, किंगपिनचीं बेअरिंगें आणि टाय रॉडचे सांधे नवे बसले. डॅम्पर काढून ठेवला. मोरीवरून जीप ५५ च्या वेगानें नेली, दोनदां नेली. स्टेअरिंग हाललें नाहीं.

मिस्त्री निघतांना म्हणाले, "त्या दिवशीं ब्रेक न मारणारं माणूस चाकावर होतं, म्हणून निभावलं."

घरीं आल्यावर आम्हीं माजघरांत, सर्वांदेखत, ठराव मागें घेतला आणि पुतणसुनेजवळ चूक कबूल केली. ती हंसली नाहीं. "काका, वळण संपल्यावर स्टेअरिंग सरळ येत नाहीं, हें मीं तुम्हांला दिवाळीपूर्वींच सांगितलं होतं," एवढेंच म्हणाली. तेंहि खरें होतें. तपासाची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी होती. गाडीचा दोष सर्वांत आधीं कळतो तो चालविणाऱ्याच्या हाताला. किल्ली आतां तिच्याच खुंटीला असते, आणि महिन्यांतून एकदां ती स्वतः सांधे हलवून पाहते. आम्ही बॅटरी धरून शेजारीं उभे राहतों.