लाल शाईचे शेरे

ऐंशीच्या दशकात वडाळा-माटुंग्याच्या पट्ट्यात सायन्सला असलेलं पोर लगेच ओळखू यायचं. त्याच्या काखेत तपकिरी कव्हर घातलेलं जर्नल असे. किडवाई मार्गावरच्या बसला लटकतानाही ते जिवापाड जपलं जाई, कारण सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नसत. प्रयोग झाला की रीडिंग्जवर सरांची सही घ्यायची, घरी ग्राफ काढायचा आणि पुढच्या आठवड्यात जर्नल टेबलावर ठेवून यायचं. परत हातात पडे तेव्हा त्यात लाल शाई असायचीच.

आमच्या फिजिक्सच्या सरांचे शेरे अजून डोळ्यांपुढे आहेत. ‘उत्तर बरोबर, एकक कुठे?’ हा नेहमीचा. पण एका मित्राच्या ग्राफवर त्यांनी लिहिलेलं मी विसरलेलो नाही. त्याचे सगळे बिंदू सरळ रेषेवर अगदी शिस्तीत बसले होते. सरांनी एका बिंदूभोवती गोल केला आणि लिहिलं, ‘हा इथे खरंच आला होता का? आला तिथेच दाखव. का सरकला ते लिही.’ मार्क कापले नाहीत. मित्र पुन्हा प्रयोगशाळेत गेला, पुन्हा रीडिंग घेतलं, आणि तारेची जोडणी सैल असल्याचं त्याच्या लक्षात आलं. विज्ञान कशाला म्हणतात हे आम्हा दोघांना त्या एका ओळीने जितकं कळलं, तितकं एखाद्या प्रकरणाने कळलं नसेल.

शेजारच्या व्हीजेटीआयची मुलं ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेऊन फाइव्ह गार्डन्सच्या बाकांवर बसलेली दिसत. १८८७ साली स्थापन झालेली आणि १९२३ पासून माटुंग्यात असलेली ही संस्था आमच्या भागाचा अभिमान. तिथल्या मुलांना मिळणारे शेरे आमच्याहून कडक असत, चुकलेली रेघ दिसली की अख्खी शीट पुन्हा. अर्थात काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट उतरवण्याचे, म्हणजे ‘जीटी मारण्याचे’ प्रकार इंजिनिअरिंगच्या पोरांत तेव्हाही सर्रास चालत. तो काळ सोवळा होता असं मी म्हणणार नाही.

आणि परीक्षेच्या बाबतीत तर तो निष्ठुरच होता. वर्षभराचा अभ्यास तीन तासांत उतरवायचा, पुरवण्या दोऱ्याने बांधायच्या आणि पेपर देऊन टाकायचा. त्या पेपराचं पुढे काय झालं हे कधीही कळत नसे. गठ्ठे तपासणीला जात, काही महिन्यांनी एक आकडा हाती येई. विषय राहून केटी लागलेल्या मुलाला आपण नेमकं कुठे घसरलो ते कोणी सांगत नसे. तो तेच पुस्तक, त्याच चुकांसकट, पुन्हा पाठ करत बसे. ऐन परीक्षेत ताप आलेल्या, घरात मयत झालेल्या कितीतरी हुशार मुलांची वर्षं अशी गेली. त्या पद्धतीबद्दल मला जराही हळहळ वाटत नाही.

वडाळ्यातच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं डॉ. आंबेडकर कॉलेज आहे. ही सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ साली काढली. त्याच्याही बऱ्याच आधी, १९२४ मध्ये, मुंबई विद्यापीठाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी लेखी साक्ष दिली होती. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती आणि सिद्धान्त भरणं हे विद्यापीठाचं मुख्य काम नाही, त्याच्यातलं स्वत्व जागवणं आणि त्याला चिकित्सेची सवय लावणं हे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. शंभर वर्षं होऊन गेली. आपल्या परीक्षा अजून भरलेलंच मोजतात.

कागदावर मात्र आज पुष्कळ बदललं आहे, आणि ते चांगल्यासाठीच. २०११-१२ मध्ये मुंबई विद्यापीठात श्रेयांक पद्धत आली तेव्हा ६० गुण सत्रान्त परीक्षेला आणि ४० अंतर्गत मूल्यमापनाला दिले गेले. पुढे हे प्रमाण वरखाली होत राहिलं. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्रभर होणाऱ्या मूल्यमापनावर भर आहे, फील्ड प्रोजेक्ट आहे, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आहे, श्रेयांक जमा ठेवणारी बँक आहे. आम्ही नुसतं स्वप्नात पाहिलं असतं असं हे सगळं.

माझी भाची याच भागात शिकते. तिची असाइनमेंट मोबाइलवरून अपलोड होते आणि काही दिवसांनी पोर्टलवर उमटतं: २० पैकी १७. पुढे काहीही नाही. तीन मार्क कशाने गेले, हे विचारलं तर म्हणते, “मामा, तसं कोणी विचारत नाही.” तिच्या वर्गातल्या कितीतरी असाइनमेंट चॅटजीपीटीने लिहिलेल्या असतात, त्यांनाही १७ मिळतात. उतरवलेल्या शीटला निदान हात तरी दुखत असे.

आकडा आणि शेरा यांतला फरक माझ्या आठवणीपुरता नाही. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. सुधारली ती फक्त शेरे मिळालेली मुलं. गुणांसोबत शेराही मिळाला त्यांना त्याचा उपयोग झाला नाही, बहुधा आकडा दिसला की पोर पुढचं वाचत नाही म्हणून. शाळेतली गोष्ट कॉलेजला जशीच्या तशी लागू होईलच असं नाही, पण आपल्या अंतर्गत चाचण्यांकडे बघताना ती आठवतेच.

यात प्राध्यापकांना दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. मंजूर जागा रिकाम्या असतात, तासिका तत्त्वावर नेमलेली तरुण मुलं एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतात, आणि उरलेला वेळ कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली खातात. एवढ्या उत्तरांवर दोन-दोन ओळी लिहायला माणूस आणणार कुठून? यंत्रावर विसंबून घाई केली की काय होतं ते २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात दिसलंच. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या त्या वर्षी निकाल रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून जावं लागलं.

एका बाबतीत आजचं पोर आमच्याहून फार नशीबवान आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला ती पाहता येते. आमचा गायब होणारा पेपर आता मागून घेता येतो. पण तो मागितला जातो तो बहुतेक मार्क वाढवून घेण्यासाठी.

म्हणून वडाळ्यातल्या, आणि कुठल्याही कॉलेजातल्या, मुलामुलींना माझी विनंती आहे. पुढच्या अंतर्गत चाचणीनंतर पेपर परत मागा, तो घेऊन सरांकडे किंवा मॅडमकडे जा आणि मार्कांचा विषय न काढता एवढंच विचारा: यातलं एक उत्तर मी पुन्हा लिहून आणलं तर तपासाल का?