बलरामाच्या बाजूने

दुर्योधनाच्या घोट्यांपाशी सांधा आहे. नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात माझ्याबरोबरचे तिघे पुढच्या दालनात निघून गेले आणि मी त्या सांध्यापाशी अडकले. वालुकाश्मातला, साधारण पाच फुटी योद्धा. डोक्यावर मुकुट, नेसूच्या चुण्या अगदी बारीक, गुडघे वाकवून सगळी ताकद मांड्यांत गोळा केलेली. आता उडी घेणार हे कुणी सांगायला नको. आणि त्या मांड्यांच्या खाली, पोटऱ्या जिथे संपतात तिथे, दगड तुटून पुन्हा जोडलेला.

कोह केरच्या प्रासात चेन या देवळात दहाव्या शतकातल्या शिल्पकारांनी गदायुद्धाचा अख्खा प्रसंग सुट्या मूर्तींत मांडला होता. भीम आणि दुर्योधन समोरासमोर, भोवती बसून बघणारे पांडव, आणि बलराम. भिंतीवरच्या कोरीवकामात आपण प्रसंग बाहेरून बघतो. इथे माणूस चालत त्या रिंगणात शिरत असेल. १९७० नंतर कंबोडियात यादवी पेटली, जंगलातली देवळं बेवारस झाली, तेव्हा चोरांनी मूर्ती घोट्यांतून तोडून नेल्या आणि जोत्यांवर नुसती पावलं उरली. दुर्योधन १९७५ साली लंडनमध्ये विकला गेला. भीम कॅलिफोर्नियात पॅसडीनाच्या संग्रहालयात पोचला. गुडघे टेकून बसलेले दोघे, भीमाच्या भावांपैकीच असावेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दालनाच्या दाराशी दोन बाजूंना बसवले गेले. २०११ मध्ये दुर्योधन न्यूयॉर्कमध्ये लिलावाला निघाला, पण ती जंगलातली पावलं आणि हे धड एकाचंच हे तोवर अभ्यासकांच्या ध्यानात आलं होतं. एरिक बूर्दोनो या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने एकेका जोत्याचा माग काढून सगळा प्रसंग पुन्हा जुळवला. लिलाव थांबला, खटला उभा राहिला. न्यूयॉर्कचे दोघे २०१३ मध्ये परतले. २०१४ च्या जूनमध्ये दुर्योधन, भीम आणि बलराम असे तिघे मायदेशी आले.

म्हणजे चाळीस वर्षं हे युद्ध अर्ध्यावर थांबलेलं होतं. लढणारे एकमेकांपासून समुद्रापलीकडे, आणि रागावणारा बलराम तिसरीकडेच.

माझं आजोळ कुडाळजवळचं. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार उभा राहायचा. आधी काळ्या वेशातला संकासूर येऊन पोरांना घाबरवून जायचा, मग मध्यरात्र उलटून गेली की आख्यान लागायचं. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. पेटी, पखवाज, झांज. नटांच्या हातात लिहिलेली संहिता नाही, तोंडात येईल ते भाषण, आणि तरी एकेक वाक्य असं पडायचं की झोपलेली पोरं उठून बसायची. गदायुद्धाचं आख्यान मी तिथे पाहिलं. भीम ठेंगणा, जाडजूड, दिवसा गवंडीकाम करणारा. दुर्योधन उंच, आवाजाचा धनी, चेहरा स्वतःच्या हाताने रंगवलेला, आणि चालताना असा रुबाब की गावातल्या बाया त्यालाच बघत. पखवाजाची लय चढत गेली तसे दोघे गोल फिरू लागले. गदा लाकडाच्याच, पण आदळल्या की पोटात आवाज जायचा. दुर्योधन घाव चुकवायला उंच उडाला. उडी तो इतकी सुरेख मारी की लोक थांबून वाट बघत. आणि त्याच क्षणी, तो हवेत असताना, भीमाने मांडीवर घाव घातला. आम्ही पोरांनी टाळ्या पिटल्या. माझ्या शेजारी गोधडी पांघरून बसलेली आजी टाळी वाजवेना. ती एवढंच म्हणाली, ‘तेका फसवल्यानी.’

मी चमकून तिच्याकडे बघितलं. द्रौपदीची विटंबना करणारा, लाक्षागृह पेटवणारा, पाच गावंही न देणारा दुर्योधन. त्याच्या बाजूने आजी? पण तेवढ्यात बलराम आला. खांद्यावर नांगर, तीर्थयात्रेहून थेट आलेला. दोघांना गदा शिकवली ती त्याने, आणि युद्धात कुणाचीच बाजू न घेता तो सरस्वतीच्या काठाने तीर्थं करत फिरत होता. तो शेवटच्या दिवशी येतो आणि बघतो काय, तर बेंबीखाली घाव! गदायुद्धाचा पहिला नियम मोडलेला. त्याचा राग मी आजही विसरले नाही. पखवाज बंद, पेटी बंद, नुसता त्या नटाचा आवाज आणि वर उगारलेला नांगर. कृष्ण त्याला धरतो, समजावतो, दुर्योधनाची पापं मोजून दाखवतो. बलराम ऐकून घेतो, पण पटवून घेत नाही. निघून जातो. मग उजाडताना दहीकाल्याची हंडी फुटली, दही-पोहे हातावर पडले, आणि आजीने घरी जाताना वाटेत कृष्णाच्या विरुद्ध पुष्कळ बोलून घेतलं. ती रोज तुळशीला पाणी घालणारी, एकादशी न चुकवणारी बाई. तिचा कृष्णावर विश्वास होता म्हणूनच ती त्याच्याशी भांडत होती असं मला वाटतं. तेव्हापासून मी बलरामाच्या बाजूची आहे. जिंकलेल्यांच्या बाजूने बोलायला सगळे असतात. नियम मोडला, असं आपल्याच माणसाला तोंडावर सांगणारा एकच असतो.

आणि त्याला त्या खमेर शिल्पकारांनी वगळलं नाही. बान्तेय स्रेई या ९६७ साली प्रतिष्ठापना झालेल्या देवळातलंही गदायुद्धाचं एक त्रिकोणी शिल्प याच संग्रहालयात आहे. तिथेही एक योद्धा हवेत, भोवती बघे, आणि नांगर घेतलेला बलराम आहेच. दोन्ही ठिकाणी मांडीवर घाव पडायच्या आधीचा क्षण निवडलाय. अजून काहीच ठरलेलं नाही. दुर्योधनाचं शरीर भीमाच्या शरीराइतक्याच मायेने घडवलेलं आहे.

सिएम रीपहून कोह केर सव्वाशेएक किलोमीटर. आम्ही चौघांनी मिळून गाडी ठरवली होती. चालकाला सगळे ‘बाँग’ म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. रस्त्याच्या कडेला ताडाचा रस उकळणाऱ्या कढया, पुढे काजूच्या बागा, मग जंगल. चौथा जयवर्मन अंकोर सोडून इथे आला आणि ९२८ ते ९४४ ही राजधानी होती. एवढ्या थोड्या वर्षांत सात टप्प्यांचा, छत्तीसेक मीटर उंच पिरॅमिड उभा राहिला. लाकडी जिन्याने वर गेलं की चहूकडे फक्त झाडांचे शेंडे. भूसुरुंग काढून झाल्याच्या पाट्या अजून दिसतात, आणि पायवाट सोडायची नाही हे बाँगने चारदा बजावलं.

देवगडच्या मित्राने मात्र वर जायच्या आधीच सॅक खाली टाकली आणि कोटाच्या भिंतीवर हात ठेवला. ‘अरे, हा तर आमचा चिरा!’ जांभाच तो. खाणीतून निघताना मऊ, वाऱ्याला घट्ट होणारा, लाल, भोकाभोकांचा. अंकोरच्या कितीतरी देवळांच्या पोटात हाच दगड आहे, वालुकाश्म वरून चढवलेला. त्याच्या घरच्या गडग्यात, विहिरीत, पडवीच्या खांबात हाच. त्याने बोटाने भोकं चाचपली, चिऱ्यांचे सांधे बघितले, दोन दगडांत चुना नाही हे दाखवलं. तो घराघरांची बांधकामं करणारा माणूस. त्याच्या तोंडून त्या गवंड्यांचं कौतुक ऐकताना मला फार बरं वाटलं. देवळाचं कौतुक करणारे मूर्तीपाशी थांबतात, गवंड्याचं नाव क्वचितच निघतं.

‘आपलंच आहे सगळं’ हे वाक्य या सहलीत मी जागोजाग ऐकलं, भारतीय पर्यटकांच्या तोंडून, आमच्या चौघांतल्याही एकाच्या. मला ते खुपतं. प्रेमाने म्हटलेलं असतं हे कळतं, पण त्या वाक्यानंतर माणूस बघायचं थांबतो. इसवी सन ६०० च्या सुमाराला सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणाने कंबोडियातल्या एका देवळाला रामायण, पुराण आणि संपूर्ण महाभारत दान दिलं आणि रोजच्या वाचनाची सोय लावली, असं वील कान्तेलचा शिलालेख सांगतो. म्हणजे कोह केरचा शिल्पकार छिन्नी हातात घेईपर्यंत ही गोष्ट तिथे तीनशे वर्षं ऐकली जात होती. इतकी वर्षं घरात असलेली गोष्ट परक्याची राहत नाही. कुडाळच्या दशावतारी दुर्योधनाची उडी जशी कुडाळची, तशी ही कोह केरची.

बान्तेय स्रेईला आम्ही सकाळी गेलो. तांबूस दगडाचं, छोटं, मधलं शिखर दहा मीटरही नाही. कैलास हलवणारा रावण तिथे आहे, आणि वेरूळच्या सोळाव्या लेण्यातला डोळ्यांत असल्यामुळे मी धावतच गेले. वेरूळला भार जाणवतो, खालचा अंधार जाणवतो. इथे कैलास पायऱ्यापायऱ्यांचा, एकेका पायरीवर पळणारी जनावरं, घाबरलेले तपस्वी, वर शंकराला बिलगलेली उमा. वेरूळ मला जास्त आवडतं, अजूनही. पण खांडववनावर पडणारा पाऊस इथे ज्या तिरप्या रेघांनी दाखवलाय, तसा पाऊस मी दगडात कुठे बघितला नव्हता.

अंकोर वाटचा सूर्योदय बघायला तळ्याकाठी जी गर्दी होते तिच्याबद्दल मला काही लिहायचं नाही. सगळे तळ्याकडे तोंड करून उभे असताना पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र रिकामं असतं. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, शिस्तीत चालत येणाऱ्या रांगा मध्यावर पोचताच एकमेकांत मिसळून जातात, बाणांवर भीष्म पडलेला, आणि शतकांच्या हातांनी दगड काळा चकचकीत झालेला. सूर्योदयाची वेळ कुरुक्षेत्राला द्यावी हे माझं मत.

बान्तेय स्रेईहून परतताना प्रेआ दाक गावात नुम बान चोक खाल्लं. तांदळाच्या ताज्या शेवया, वर हळदी-गवती चहाच्या वासाचा माशाचा रस्सा, काकडी, केळफूल. साताऱ्याचा मित्र तालमीतला, मारुतीचा भक्त, शनिवार पाळणारा, तो नुसत्या शेवया खात होता. बाँगने त्याला विचारलं, हनुमानाला मानतोस, मग सोवान माच्छा माहीत आहे का? रावणाची मत्स्यकन्या. सेतूचे दगड वानर टाकतात आणि हिच्या मासळ्या ते पळवून नेतात. हनुमान तिला पकडायला समुद्रात उतरतो आणि तिच्या प्रेमात पडतो. त्यांना मुलगाही होतो, मच्छानु.

‘मारुतीला?’ मित्राचा चमचा थांबला.

बाँग म्हणाला, शूर आहे, देखणा आहे, त्याचं लग्न का होऊ नये? मित्र बराच वेळ वाद घालत राहिला. ब्रह्मचर्य, रामभक्ती, समर्थांनी स्थापलेले अकरा मारुती, सगळं त्याने मोडक्या इंग्रजीत मांडलं. बाँगने शांतपणे ऐकून घेतलं, आणखी रस्सा वाढायला सांगितलं आणि मच्छानु बापाला न ओळखता त्याच्याशी कसा लढतो ते सांगायला घेतलं. पाच मिनिटांत मित्र मधूनमधून ‘मग?’ म्हणू लागला. शेवटी त्यानेच विचारलं की हे नाचात कुठे बघायला मिळेल. देवगडकराला तेव्हा वेगळीच घाई होती: परतीच्या वाटेवर काम्पाँग थॉमला उतरून सांबोर प्रेइ कुक बघायचं. तिथली देवळं सातव्या शतकातली, काही आठ कोनांची, बहुतेक काम विटेत, आणि आठ कोनांची भिंत विटेत कशी वळवली ते त्याला हाताने चाचपून बघायचं होतं.