मामांचे फडके

आमचे मामा लालबागच्या एका चाळीत राहत व काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी चालवीत. रोज संध्याकाळी, इंजिन निवले की बॉनेट उघडून ते यंत्राचा एकेक भाग कोरड्या फडक्याने पुसत. मला याचे नवल वाटे. ते सांगत, "बाळ, चिकट मळाखाली तेलाची गळती लपते, धुळीने रेडिएटर चोंदला की इंजिन तापते, आणि आपल्या मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेने तारांची टोके गंजतात."

एकदा पावसाळ्यात त्यांनी हे काम मजवर सोपविले. मला खेळायला जाण्याची घाई! मी सरळ बादलीभर पाणी इंजिनावर ओतले. यंत्र कसे लख्ख दिसू लागले.

त्याच रात्री शेजारच्या आजींना धाप लागली. त्यांना परळच्या के. ई. एम. रुग्णालयात न्यायचे होते. पण गाडी काही केल्या सुरू होईना. माझ्या पोटात गोळा आला. "मामा, मी पाणी ओतले," मी कसेबसे म्हणालो. मामांनी तत्काळ डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले. आत पाणी शिरले होते. त्यामुळे प्लगांना ठिणगी मिळत नव्हती. त्यांनी ते फडक्याने कोरडे केले आणि गाडी सुरू झाली.

आजी वाचल्या. मामा रागावले नाहीत, इतकेच म्हणाले, "लख्ख दिसणे निराळे, नीट राखणे निराळे."

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाली. मामांचे ते फडके मात्र मी अजून जपून ठेवले आहे.